खालची बाजू

आधी घाणेरी तोडायची. मग थांबायचं.
फुरसं असतं, कधी नुसतीच सापसुरळी,
काठी आपटून थोडा वेळ द्यावा त्यांनाही.
खानापुरात, लाकडाच्या वखारीमागं,
मलप्रभेकडं उतरणाऱ्या जांभ्याच्या टेकाडावर
एकोणतीस दगड होते म्हणे. मला सापडले अकरा.

तारेचा ब्रश नाही. ॲसिड तर नाहीच.
हे इनासला तीनदा सांगावं लागलं,
पाद्रीबाबांच्या आचाऱ्याचा पोरगा, हाताला फार घाई.
पाणी, काथ्याचा कुंचा, बांबूची कामटी,
आणि शेवाळ आपणहून सुटेपर्यंत विडी.
मागं कुणीतरी सिमेंट थापून गेलेला,
त्याच्या आत पाणी कोंडून कडा पापुद्र्यांनी झडल्या.
ते छिनण्यात आठवडा गेला.
मग चुना, तोही मळून आठ दिवस निजवलेला.
माझा बाप जात्यांना टाकी लावायचा. सांगायचा,
आवाज बद्द आला की थांब, आत चीर हाय.

पुसट अक्षरांना आरसा लागतो.
दुपारी चारला, इनासच्या आईचा कुंकवाचा आरसा
कडेला तिरका धरला की ऊन आडवं सरपटतं
आणि सपाट दगडावर नाव उठतं,
अंगावर काटा उठावा तसं.
जाकीन. कातरीना. पलटणीतला कुणी ताशेवाला.
एकावर पोर्तुगीज, एकावर कानडी,
एकावर नुसता गुलाब, तोही अर्धा.
मी एरवी दुकानांच्या पाट्या रंगवतो.
कुठली भाषा वर, कुठली खाली, अक्षर किती इंच
हे कचेरी ठरवते, आणि नाही ठरलं तर डांबर.
इथं कुणी मोजपट्टी घेऊन आलं नाही.

जे वाचता आलं नाही ते कोरलं नाही.
इनास म्हणाला, घाल की कायतरी, कोण बघूलालंय?
मी म्हटलं, म्हणूनच.

बारावा निघाला नदीच्या वाटेवर,
गौरव्वाच्या परसात, विहिरीपाशी.
धुण्याचा दगड. चाळीस वर्षं आपटलेली लुगडी,
वाकळा, नवऱ्याच्या वखारीतल्या खाकी चड्ड्या.
मधोमध ताटाएवढा खळगा, त्यात साबणाचं पाणी.
ती आधी बोललीच नाही. मग म्हणाली,
सासऱ्यानं आणला. मी न्हवं.

पहार घातली. चौघांनी उलटला.
खाली गांडुळं, एक चवली,
आणि अक्षरं, काल टाकीतून निघाल्यासारखी:
रिबका. वय वर्षे तीन.
गांठीचे तापाने मयत.
बापाने हा दगड ठेवि
ला.
जागा पुरली नव्हती कोरणाऱ्याला.

लिवल्यालं वर कसं ठेवायचं, गौरव्वा म्हणाली,
पाय पडतुय, साबण लागतुय.
म्हणून मीच पालथा घालून घेतला.
तिला वाचता येत नाही. कुठलीच भाषा.

अकरा दगड माणसांनी नीट उभे केलेले,
आभाळाकडं तोंड करून झिजले.
हा एक.

आता तो बाभळीजवळ उभा आहे,
पाठीवर खळगा तसाच.
इनासला तो चुन्यानं भरायचा होता.
भरू दिला नाही. तेही कोरीवच.

गौरव्वाला नवा दगड दिला, गोकाकचा,
हातगाडीवरून नेला. विहिरीपाशी बसवताना
तिनं अडवलं. परत उचलायला लावला.
वाकून खालून बघितलं,
तळव्यानं चाचपलं ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.
कोराच हाय की रे.
कोराच, मी म्हटलं.
तिनं पदराला हात पुसले, जरा वेळ लावून.
टाकी आणलीयास न्हवं?