मांडीवर सूप

दवाखान्यातली शहनाज सिस्टर म्हणाली,
"अनसूयाबाई, मिश्री सोडू नका.
आठ दिवस नुसती मोजा."
मला हसूच आलं.
मोजायचं मला कोण शिकवायलंय?
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
हजारामागं छाट किती, हातात किती,
झोपेतसुद्धा सांगते मी, बोटं हलवत.

दोरा हाताशी होताच.
दर मिश्रीला एक गाठ,
खिडकीच्या गजाला लोंबता विडीचा लाल दोरा.
मला वाटलेलं चार, फार तर पाच.
पहिल्या दिवशी अकरा.
त्यात एक तर आठवतच नव्हती.
बोट हिरडीवर फिरत होतं
आणि मी भलतीकडंच.
कशी बांधली कोण जाणे, पण गाठ होती.

"कुठली गाठ कशाच्या मागून पडते, ते बघा."
बघितलं.
चहामागून तीन.
श्रीहरीच्या फोनमागून दोन.
भिवंडीला असतो, मागावर, बोलतो कमी.
तिकडं तो फोन ठेवणार,
इकडं माझी डबी उघडणार.
हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भांडले असते.
दोऱ्याशी काय भांडू?

"मग डबी नजरेआड ठेवा."
नजरेआड!
अहो सिस्टर, मांडीवर सूप, सुपात अर्धा किलो तंबाखू,
नखात तंबाखू, पदराला तंबाखू,
भाकरी थापली तर भाकरीला वास,
नातीच्या केसातून हात फिरवला तर ती शिंकते.
कुंभारीच्या घरकुलात गल्लीच्या गल्ली हेच वळायलीय.
मला आड म्हणून कुठलं?

ती गप्प झाली.
मग दोघी हसलो, डोळ्यांत पाणी येईतोवर.
"आड नाही, तर लांब," म्हणाली.

डबी गेली पलीकडच्या बोळात, पद्मावती वदिनाकडं.
आता तलफ आली की
गुडघ्याला धरून उठायचं, चप्पल शोधायची,
एप्रिलचं आपलं सोलापूरचं ऊन डोक्यावर घ्यायचं,
वदिनाच्या सुनेची कहाणी पहिल्यापासून ऐकायची,
मग चिमूटभर.
दोन दिवस गेले.
तिसऱ्या दिवशी ऊन परवडलं असतं,
सून नाही परवडली.
बसले परत सुपापाशी.

नंतर नियम माझा मीच घातला.
आधी एक कट्टा, मग वाटलं तर जा.
पंचविसाव्या विडीचं तोंड मुडपेपर्यंत
कधी तलफ विरायची,
कधी नुसती बसून राहायची समोर,
उधारी मागायला आल्यासारखी.

"पाचाच्या आत गाठी आल्या तर स्वतःला बक्षीस द्या.
काय आवडतं तुम्हाला?"
बसस्टॉपपर्यंत आठवत गेले.
लेकाला काय आवडतं ठाऊक, नातीला काय ते ठाऊक,
गेलेल्या माणसाला काय आवडायचं तेही ठाऊक.
शेवटी ठरवलं, अर्धा तास उंबऱ्यावर बसायचं.
रिकामं. सूप नाही, कात्री नाही.
बसले.
बोटं हवेतच वळत राहिली.

मग आला तो मंगळवार.
कारखान्यात एकशेऐंशी विड्या छाटीत काढल्या,
पान कच्चं म्हणे.
पान त्यांचं, कच्चेपण माझं.
थेट वदिनाकडं गेले, सुनेची कहाणी दोनदा ऐकली.
नऊ गाठी.
दोरा तोडायला कात्री लावली
आणि हात थांबला.
छाट निघाली म्हणून
आख्खा हजार कुणी गटारात टाकतं का?
नऊ तर नऊ. लोंबू दे.

आता दोनावर आलेय.
चहाची एक आहे, तिला मी अजून हात लावला नाही.
फोनची दुसरी.
हल्ली श्रीहरीनं फोन ठेवला
की हात डबीकडं निघतो, डबी नसते,
मग त्यालाच परत लावते.
"काय अम्मा?"
"काही नाही. तिन्नावा?"
"आत्ता तर सांगितलं जेवलो म्हणून!"
मागं माग खडखडत असतात.
काल तिसऱ्यांदा लावला तर चिडला,
"दिवसातून किती वेळा विचारशील?"

"मोज की," म्हटलं,
"नुसतं मोज."