भूमक्काची बोटं

सिव्हिलचा तळमजला. यंत्राच्या पडद्यावर
एक लाट उठते, जराशी, आणि बसते.
भूमक्का येमूल, वय एकावन्न, विडी घरकुल.
शेवटची केमो गड्ड्याच्या यात्रेआधी.
गाठ गेली. बोटांतलं सूतही गेलं.

“धागा गुंडाळूलाले, पण धागा हाय का न्हाय
ते डोळ्यालाच कळतंय. हाताला कळंना.”

सांगणं डॉक्टरांचं काम.
पण विचारलं तिनं, आणि बाहेर रांग नव्हती.

म्हटलं, मावशी, मानेजवळ एक पेशी आहे,
तिचाच तंतू या तर्जनीच्या टोकापर्यंत.
तुमच्या सुताहून कितीतरी बारीक, हातभर लांब.
टोकाला फारसं काही बनत नाही, मानेकडूनच यायचं.
आणणारे हमाल प्रथिनांचे.
दोन पावलं, एकापुढे एक,
गाठोडं अंगापेक्षा कैक पट मोठं,
दर पावलाला इंधनाचा एक दाणा,
उधारी नाही.
परतीचे हमाल वेगळे,
ते आणतात मोडकं सामान आणि टोकाकडचा निरोप.
मानेपासून बोटापर्यंत दोन दिवस.

हसली. “म्हंजे माझंच की.
जाताना कट्टे, येताना पत्ती, तंबाखू,
अन् त्येंनी काढलेली छाट.
पण त्येंच्यात जाणारा एक, येणारा दुसरा?
बरं हाय त्येंचं.”

एक मात्र बोललो नाही:
त्या हमालांच्या पावलांना पुस्तकात
डोकी म्हणतात.
तिची पाटी दाराशी होती, आत चुंबळ.

रस्ता उखडला असता तर सांगणं सोपं होतं.
औषधानं गाठीच्या पेशींचे दोर आवळले,
हलता येईना, वाढता येईना इतके.
तेच दोर नसांमध्ये रस्ते आहेत.
औषधाला कुठं माहीत, कुठली पेशी कुणाची.

“परत येतंय का?”
येतं कधी कधी. सुकलेलं टोक पुन्हा फुटतं,
दिवसाला मिलिमीटरभर.
“म्हंजे केवढं?”
मी नखाची कड दाखवली.

तिनं मनगटापासून तर्जनीपर्यंत
दुसऱ्या हाताच्या नखानं माप घेतलं,
ओठ हलत होते, तेलुगूत मोजत होती.
“दिवाळी,” म्हणाली. मग थांबून,
“आमची मजुरी हजारावर.
मिलिमीटरवर कोण देतंय?”

तारा काढल्या. जेल पुसायला कापूस दिला.
एकेक बोट पुसून उजेडात धरून बघत होती,
दाबून, फिरवून,
कारखान्यातला तपासणारा विडी बघतो तसं.

एकही बाजूला काढलं नाही.