फाटक

मी साखळी धरतो. बावीस वर्षं झाली.
दहा यार्डांची साखळी, टोकांना दोन काठ्या,
एक माझ्याकडे, दुसरी एल्मर होलुबकडे.
मैदानाच्या कडेला उभं राहायचं, बोलावलं की आत जायचं
आणि मोजायचं : पोचले, की नाही पोचले.
मत द्यायचं नाही.

पण यंदा आमच्या ऑर्लिकमध्ये, नेब्रास्काच्या या कोपऱ्यात,
मक्याच्या कोठारापाशी, न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चच्या पायऱ्यांवर
एकच वाद : फाटक ठेवायचं की काढायचं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.
चेंडूवर वाकलेला एकटा वेंडेल.
पाच पावलं मागे क्वार्टरबॅक.
आणि बाकीचे सगळे डावीकडे, लांब,
भलत्याच लग्नाला आल्यासारखे घोळक्यात उभे.
बिजागरीवर फाटक सताड उघडावं
आणि अंगणात राखणीला एकच पोर असावं, तसं.
समोरचे चक्रावतात.
घोळक्याकडे धावावं तर वेंडेल चेंडू देऊन स्वतःच सुटतो,
वेंडेलला धरावं तर घोळका चेंडू घेऊन पार.

पहिले तीन सामने आम्ही लुटले.
पेश्केबाईंनी आनंदाने टोपी उडवली, ती अजून सापडलेली नाही.
चौथ्याला समोरचे चित्रफीत बघून आले होते.
त्यांच्या एकशेदहा किलोच्या पोराने
घोळक्याकडे मान वळवली नाही,
थेट वेंडेलवर आला.
उणे सहा.
पाचव्या सामन्यात उणे नऊ, आणि वेंडेलचं कोपर.

एल्मर म्हणाला, एकाच टोपीतून किती दिवस ससा काढणार?
शेवटी लेंड्याच उरतात.
न्हावी म्हणाला, हूल ती हूलच, रोज दिली की तिचा रिवाज होतो.
कोच लुंडक्विस्ट कॉफीच्या कपाशी बोलल्यासारखं बोलले :
त्यांच्याकडे पंचेचाळीस पोरं, माझ्याकडे सतरा,
त्यातली दोन दम्याची.
सरळ उभे राहिलो तर सरळ मरू.

मला फाटक आवडत नव्हतं, खरं सांगतो.
लोखंडाच्या साखळीला चकवा कळत नाही,
आणि बावीस वर्षांत मीही थोडा लोखंडाचा झालोय.

गुरुवारी साखळीची एक कडी सांधायला
संध्याकाळी मैदानावर गेलो, तर वेंडेल तिथे.
बाकी सगळी पोरं घरी गेलेली.
चेंडूवर वाकायचा, उठायचा, परत वाकायचा.
कोपर कसंय?
दुखतंय.
मग सांग की कोचला, नको म्हणून.
तो बराच वेळ हातमोजे उपसत राहिला.
मग म्हणाला, मधल्या जागेवर चार वर्षं खेळतोय, अंकल रॉस,
दोन्ही खांद्यांना कायम कुणाचे तरी खांदे.
फाटकात उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा
मला दोन्हीकडून वारा लागला.
आणि जरा थांबून :
लावायचं तर लावा. पण मला विचारून लावा ना.

बाविसांतल्या एकाही वर्षी हे मोजलं नव्हतं मी.
कोचला जाऊन सांगितलं. तेवढंच.

शुक्रवार. शेवटची मिनिटं. चौथी खेळी, दोन यार्ड हवेत.
कोच कडेपर्यंत आले, वेंडेलकडे पाहिलं.
वेंडेलने मान हलवली.
घोळका डावीकडे निघाला.
समोरचे पसरले : चार घोळक्यामागे, दोन वेंडेलवर,
उरलेले एकमेकांवर ओरडत.
आणि तेवढ्यात वेंडेलने डावा हात उचलला,
तोच, दुखरा,
आणि फाटक मिटलं.
सगळे परत धावत त्याच्या खांद्यांशी,
कुणी सावरायच्या आत चेंडू मागे, आणि सरळ, नाकासमोर, ढीग.

आम्हाला आत बोलावलं.
एल्मरने मागची काठी रोवली, मी साखळी ताणली.
चेंडूचं टोक काठीच्या पुढे, बोटभर.

बाहेर येताना एल्मर पुटपुटला, बघ, सरळच खेळले शेवटी.
मी म्हणालो, फाटक होतं म्हणून.
मत द्यायचं नसतं. पंचाने दोघांकडे डोळे वटारले.

ढिगाखालून सगळ्यात शेवटी वेंडेल उठला,
कोपरावरचं गवत झटकलं,
आणि आधी उजवीकडे, मग डावीकडे
काहीतरी शोधल्यासारखं बघत राहिला.