प्रतवारी

दिव्याखाली तिरकी धरायची तबकडी,
श्वास रोखून, कारण श्वासाचीही वाफ बसते.
उजेड खाचांवरून घरंगळत जातो
आणि जिथे अडतो तिथे भाव उतरतो.

आमच्या धंद्यात शब्द फसवे.
'उत्कृष्ट' म्हणजे बरी.
'खूप चांगली' म्हणजे खरखरणार, पण सोसेल.
आणि 'चांगली' म्हणजे, हात जोडतो, घेऊ नका.

योएन्सूहून चाळीस किलोमीटर, फेब्रुवारी, उणे बावीस.
गाडीतल्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठासुद्धा कडकडत होता.
आउने हिल्तुनेनबाईंनी दार उघडलं ते
"बूट झटका" म्हणतच.
कॉफी, वेलची घातलेला पाव,
आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर एकशे चौदा तबकड्या,
नवऱ्याच्या. आर्मासच्या.
लाकूडगिरणीत करवतीवर होता,
कान शाबूत राहिले हेच नवल, म्हणाल्या.

मी वहीत लिहीत गेलो.
कव्हरवर आतल्या तबकडीचं वर्तुळ उमटलेलं: वजा.
शिवण उसवलेली: वजा.
लेबलवर पेनाने नाव, तारीख,
युरोच्या आधीच्या पैशांत किंमत: वजा,
जरी मी आधी तेच वाचतो.
बहुतेक सगळ्या स्वच्छ. माणूस शिस्तीचा,
कडेने धरणारा. बोटाचा ठसा कुठे नाही.

मग ही एक छोटी, पंचेचाळीस फेऱ्यांची.
टँगो. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या नाचघरात वाजे तसला,
ज्यात सगळे दुःखी असतात आणि कुणी पाऊल चुकत नाही.
खाचा ठीक. पण लेबलवर, छिद्राभोवती,
रेघाच रेघा,
कोळ्याने जाळं विणायला घेऊन अर्ध्यात सोडावं तशा.
पहिल्याच बाजूला. मागची कोरी.

हे कशाने होतं ते मला ठाऊक आहे.
खुंटी सापडत नाही, तबकडी चाचपडत फिरते,
लोखंड कागद ओरबाडत राहतं.
बहुधा दारू. मी हसत म्हणालो,
"पार्ट्या बऱ्याच झालेल्या दिसतात."

बाईंनी किटली खाली ठेवली.
"शेवटची चार वर्षं त्याला दिसत नव्हतं.
मला लावू द्यायचा नाही.
मी त्या दारात उभी राहायची, हात पाठीशी,
असे, एका हाताने दुसरा धरून.
कधी कधी तोवर बटाटे उकडून व्हायचे."

मी पेन्सिलीला टोक केलं. टोक होतंच.
रकान्यात काय लिहू, विचारलं.
"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"
"चांगली," मी म्हणालो, आणि त्याचा अर्थ सांगितला.
त्या हसल्या, मोठ्याने, दात झाकायचं विसरून.
"मग तेच लिहा. तोही तसाच होता."

मार्चमध्ये ताम्पेरेच्या एका पोराने ती घेतली, चार युरोंना.
आठवड्याभरात परत. चिठ्ठी सभ्य:
खुंटीच्या खुणांचा वर्णनात उल्लेख नव्हता.
बरोबर आहे त्याचं. नव्हता.
पैसे पाठवले, टपालखर्चासकट.

काल दुकान बंद केलं आणि आतले दिवे घालवले.
वाटतं तेवढं सोपं नाही.
छिद्र बोटाला लागलं की खुंटी हरवते,
खुंटीवर बोट ठेवावं तर तबकडी कुठल्या कुठे.
तीनदा ओरखडल्याचा आवाज आला.
कोपऱ्यात हीटर टकटकत होता.
दाराकडे मी पाहिलं नाही.

शेवटी खट् करून बसली. सुई टेकवली.
उलटी बाजू लागली होती,
कुणी न ऐकलेली, एकही खर्र नाही.
वॉल्ट्झ होता कसलातरी, बराच वाईट.
संपेपर्यंत ऐकला.