डावा बूट

तेजलच्या डाव्या बुटाचा तळ गेला
म्हणून मी ओरडलो तिच्यावर.
दिवाळीत घेतलेला जोड, अजून देवदिवाळी व्हायची आहे,
आणि टाचेशी आतली पांढरी जाळी दिसायला लागली.
"पाय घासत चालतेस?" म्हटलं.
ती बोलली नाही. वेणीला रबर लावत राहिली.

उजवा बूट मात्र कोराच होता.

हे मला सुचलं रात्री दोनला,
सातपूरला, तिसऱ्या पाळीत,
पाचशे बाविसावा बुश मोजताना.
चालणारा माणूस दोन्ही पाय घासतो.
एकच पाय घासतो तो
सायकलवर असतो.

सकाळी घरी आलो. सायकल जिन्याखाली.
ब्रेक दाबला तर लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकली,
ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.
वाकून बघितलं:
गुटक्यावर रबर नव्हतंच जवळजवळ,
एका कडेला नखाएवढं, बाकी उघडा पत्रा,
आणि रिमवर त्यानं ओढलेली चंदेरी रेघ,
सगळीकडून सारखी, गोल.
एखाद्या चांगल्या ऑपरेटरनं काढावी तशी.

मोजायला गेलो नाही.
कंपनीत मी शतांश मिलिमीटरसाठी माल परत पाठवतो.

मालेगाव स्टँडचा उतार आमच्या दाराशीच सुरू होतो.
खाली रामकुंड. बुधवारी बाजार,
मेथीच्या जुड्या, हातगाड्या, मधूनच बसलेली गाय,
आणि पिंडदानाला आलेली बाहेरगावची माणसं;
ती रस्त्याकडे बघत नाहीत, नदीकडे बघतात.
त्यांच्यामधून ही,
दप्तर पाठीला, डावा पाय खाली सोडून.

श्रावणात म्हणाली होती, "पप्पा, ब्रेक."
"पगार होऊ दे," मी म्हणालो होतो.
तीन पगार झाले.
दुसऱ्यांदा सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.
ती कुणी पाडली, ते मला माहीत आहे.

पेखळेंच्या दुकानात चार गुटके ऐंशी रुपयांना.
ऐंशी.
"लावून देऊ का?" "नको," म्हटलं.

दहाचा पाना. नट गंजून बसलेला.
खोबरेलाची बाटली थंडीनं गोठलेली,
काडीनं उकरून तळहातावर वितळवलं, थेंब थेंब सोडलं.
नट सुटला तो सुटलाच, जिन्याखालच्या अंधारात घरंगळला,
मी पोटावर पालथा, हात लांब करून,
वरून जाणाऱ्या गांगुर्डे वहिनी म्हणाल्या, "काय हरवलं?"

जुन्या बनियननं रिम पुसली. काळं निघत राहिलं.
नवा गुटका धरला. टायरला लागता कामा नये,
रिमखाली घसरता कामा नये,
आणि पुढची कड केसभर आधी टेकायला हवी,
नाहीतर किंचाळतो.
म्हणून मागच्या कडेला बसचं तिकीट
चार घड्या करून सरकवलं, मग आवळला.
तिकीट ओढून काढलं. तार ताणली.
मागचं चाक उचलून फिरवलं, दाबलं.
चाक थांबलं. मी मात्र लिव्हर सोडेना.

तेजल ओल्या केसांनी दारात उभी.
"सांगायचं होतंस गं पुन्हा," म्हटलं.
"दाबला की एवढा ओरडायचा, पप्पा,
सगळे वळून बघायचे.
म्हणून मी दाबायचेच नाही."

एवढंच.
रात्रभर मी तिला काय काय सोसायला लावलं होतं मनात.
माझी अर्धी शरम तिथं गळाली.
उरलेली अर्धी हातावरच्या काळ्यासारखी,
साबणानं फिकी होते, जात नाही.

साडेअकराला ती निघाली.
मी झोपायचं सोडून उताराच्या तोंडाशी,
दूध आणायला निघाल्यासारखा, हातात पिशवी धरून.
अर्ध्या उतारावर काकड्यांची गाडी आडवी आली.
तिनं दोन्ही लिव्हर दाबल्या.
आवाज नाही. सायकल जागच्या जागी.

आणि थांबून झाल्यावरसुद्धा
तिचा डावा पाय खाली आला,
टेकला, थोडा घासला.