अ, ब आणि वल्हं

काजूच्या कारखान्यावरची खोली, सात जणांचा वर्ग.
भाजक्या टरफलांचा धूर जिन्यानं वर येतो
आणि हजेरी न देता बसतो मागच्या बाकावर.
फळ्यावर मी लिहिते: अ ने ब ला मारले.

दीडशे वर्षं हा अ मारतोच आहे.
व्हिक्टोरिया राणीच्या काळचा एक न्यायाधीश,
त्यानं पुरावा असा नेमका सोडवला
जसं करवंटीतून खोबरं:
संबद्ध ते ताटात, बाकीचं चुलीत.
उदाहरणं देण्याची रीत त्याच्या आधीची,
पण माणसांची अक्षरं करण्यात याचा हात साफ.
त्याच्या स्वतःच्या देशानं
त्याची फौजदारी संहिता मंजूर केली नाही.
तरी तिकडचे पंडित अजून भांडतात ते त्याच्याशीच,
त्याच्याच तळटीपांवर कोपरं टेकून.
आणि इथे वेंगुर्ल्यात
नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले.
अ तोच. ब तसाच आडवा.

हेमलता टिकमनं हात वर केला.
"मॅडम, वल्ह्यानं मारलं असेल तर?"
म्हटलं, हत्यार कुठलंही चालेल.
"नाय, म्हंजे... माझो काको अ होतो."

पंख्याची कुरकुर एकदम ऐकू यायला लागली.
ती सांगत राहिली, पुस्तकी भाषेत परत येत येत:
रापणीची जागा, कुणाची दोरी कुणावर,
पहाटेचा काळोख, एकच घाव.
ब म्हणजे दाजी मेथर,
काकाच्या वरातीत सगळ्यात पुढे नाचलेला.
काका आत गेल्यापासून रापणीतला त्याचा वाटा
मेथरांच्या दारात जातो.
कोर्टानं सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं.
बांगडे मिळाले तर बांगडे,
आणि जाळं कोरडं आलं
तर रिकामी टोपली दारापर्यंत नेऊन परत आणतात.
"हे कुठल्या कलमात बसतं?"

उत्तर मला पाठ आहे. असंबद्ध.
घाव कुणी घातला, याच्याशी वाट्याचा काय संबंध?
तो न्यायाधीश इथे उभा असता तर हेच म्हणाला असता
आणि बरोबरच म्हणाला असता. मीही म्हटलं.
तिनं वहीत लिहून घेतलं,
शब्दाखाली पट्टीनं रेघ ओढली.

खाली पाळी सुटली.
चिकानं काळे पडलेले हात राखेनं घासत
बायका नळावर बोलत होत्या.
मी फळा पुसला. डस्टर झिजलंय:
अ गेला, ब गेला,
मधले ने आणि ला तेवढे राहिले.
जिना उतरताना, कुलूप लावताना,
पार बंदराच्या रस्त्याला लागेपर्यंत
एवढंच डोक्यात:
रिकामी का नेतात?