कधी यावं

हेलसिंकीहून भाच्याच्या बायकोची एकच ओळ:
तुमचा देश बघायला कधी येऊ?

अडतीस वर्षं मी नागपूर स्टेशनच्या
चौकशी खिडकीत बसलो.
'सांगता येत नाही' हे उत्तर
माझ्या तोंडून निघत नाही.

जुनं वेळापत्रक काढलं, लाल पेन्सिल घेतली.
डिसेंबर: दिल्लीची गाडी धुक्यात,
एकदा तर नऊ तास नुसती घोषणाच येत राहिली.
नोव्हेंबरात खाली चेन्नईला वादळ.
पूजेच्या दिवसांत हावड्याचं तिकीट? विसरा.
जुलैत कोकणात दरडी,
लडाखला मात्र जावं तर तेव्हाच,
आणि लडाख माझ्या खिडकीतून कधी सुटलंच नाही.
झिरो माइलवरून चारी दिशा निघतात,
प्रत्येकीचं पंचांग वेगळं.

संध्याकाळपर्यंत वर्ष लाल झालं.
फेब्रुवारीचा एक आठवडा उरला होता,
तोही लग्नसराईत गेला.

चंद्रकला कूलरमध्ये पाणी ओतत होती.
बादली खाली न ठेवताच म्हणाली,
"तिले सुटी कधी भेटते, थे तं विचारा."

मे. शेवटचे दहा दिवस.

म्हणजे नवतपा.
डांबर चपलेला धरून ठेवतं,
दुपारी बर्डीवर कुत्रंही सावली सोडत नाही.

मी लिहिलं: ये. गाडी वेळेवर आहे.
मग डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालो
इतवारीत, वाळ्याच्या नव्या ताट्या आणायला.
दारातच चंद्रकलेनं
खिशात कांदा कोंबला.